आईच्या आठवणीतली कट्टी आणि मुलाचा खेळ

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत जातो, पण मुलं खेळत असतात तिथे कडेला उभा राहून नुसता बघतो. तुम्ही बरोबर जाता, 'ह्यालाही घ्या ना रे' म्हणता, कधी मुलांना खाऊ वाटता. मुलं थोडा वेळ घेतात, की पुन्हा तो कडेला. तुमच्या वडिलांची बदलीची नोकरी होती, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवी शाळा, आणि पाचवीत वर्गातल्या मुलींनी वर्षभर तुमच्याशी कट्टी धरली होती. तुमचे मिस्टर गिरगावात चाळीत वाढले. ते म्हणतात, 'तू मध्ये पडू नकोस, खेळता खेळता शिकेल. आम्हाला कोणी शिकवलं होतं?' पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, सोसायटीतली सगळी मुलं बोलवावीत का, असंही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय: मला स्वतःला जे कधी जमलं नाही ते मी त्याला कसं शिकवणार?

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, मुख्यतः पहिली ते चौथीची मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्याबरोबर. मला तुमच्या लिहिण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. मुलाला चालू खेळात शिरता येत नाही, ही एक. तो कडेला दिसला की तुमच्या पोटात कालवतं, ही दुसरी. आणि मिस्टरांचा 'आपोआप शिकेल' हा भरवसा, ही तिसरी. पहिली गोष्ट शिकवता येण्यासारखी आहे आणि वाटते तेवढी अवघड नाही. पण बाकीच्या दोन तिच्या आड येताहेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलते.

तुमच्या शेवटच्या वाक्याला मी ठाम 'नाही' म्हणते. ज्या आईचं लहानपण एकटं गेलं तिला मुलाला मैत्री शिकवता येत नाही, हे खरं नाही. अमेरिकेत मार्था पुटलाझ, फिलिप कोस्टान्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हा विषय अभ्यासला होता. ते काम १९९१ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी आयांना त्यांच्या लहानपणच्या सवंगड्यांच्या आठवणी विचारल्या आणि त्यांची मुलं इतर मुलांमध्ये कशी वावरतात ते पाहिलं. काहींच्या आठवणी आनंदाच्या होत्या, काहींच्या कडवट, तर काहींच्या धास्तीच्या आणि एकटेपणाच्या. मिसळण्यात सगळ्यात पुढे असणारी मुलं पहिल्या गटातल्या आयांची असतील, असं कुणालाही वाटेल. निघाली ती तिसऱ्या गटातल्या आयांची. एकटेपण आठवणाऱ्या आया मुलांच्या मैत्रीकडे जास्त लक्ष देत होत्या आणि त्यासाठी मुद्दाम कष्ट घेत होत्या.

एका अभ्यासावरून नियम करू नये. पण शाळेत पालकांशी बोलताना मलाही हेच जाणवत आलंय. बाहेर उभं राहणं म्हणजे काय हे जिला ठाऊक आहे, तिचं लक्ष कडेच्या मुलाकडे सगळ्यात आधी जातं. कोणती मुलगी कोणाशी का बोलत नाही, कोण कुणाच्या जिवावर उड्या मारतं, कोणत्या हसण्यात टोचणी आहे, हे अशा आईला चटकन कळतं. ज्यांना भिडू कायम मिळत गेले त्यांना हे बारकावे पाहायची कधी गरजच पडली नाही.

मात्र तुमची आठवण तुमच्या कामी यायची असेल, तर ती तुमची आहे हे तुम्हाला त्या क्षणी ओळखू यायला हवं. सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ साली सहकाऱ्यांबरोबर तान्ह्या बाळांच्या आयांविषयी एक निरीक्षण मांडलं होतं. ज्या आयांना आपल्या लहानपणी काय घडलं एवढंच आठवत होतं, पण तेव्हा काय वाटलं होतं ते हाती लागत नव्हतं, त्यांच्याकडून तेच बाळाच्या बाबतीत घडण्याचा धोका जास्त होता. जिला तेव्हाचं रडू आठवत होतं, ती थांबू शकत होती. त्या आयांची दुःखं फार मोठी होती, तुमची गोष्ट तशी नाही. तरी ह्यातला धागा माझ्या कामात मला फार उपयोगी पडला आहे.

म्हणून एक काम सांगते. एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना पाचवीतलं ते वर्ष कागदावर लिहून काढा. 'मुली बोलत नव्हत्या' एवढ्यावर थांबू नका. डबा खायला कुठे बसायचात, मधली सुट्टी संपेपर्यंत काय करत राहायचात, घरी आल्यावर आईला काय सांगायचात आणि काय लपवायचात, तेही लिहा. मग त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला मुलाचं काल संध्याकाळचं लिहा, फक्त डोळ्यांना दिसलं तेवढं. बहुतेक आयांना दोन्ही बाजू शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो. तुमच्याशी ठरवून कट्टी धरली गेली होती. मुलाला अजून कुणी 'येऊ नकोस' म्हटलेलंच नाही, निदान तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी.

हा फरक दिसला नाही की आठवण दोन वाटांनी आत येते. एक वाट सुटका करण्याची. मुलगा कडेला दिसला की राहवत नाही आणि आपण त्याच्या वतीनं बोलायला लागतो. 'ह्यालाही घ्या' असं मोठ्या माणसानं सांगितलं की मुलं घेतात, कारण काकूंचं ऐकायचं असतं. पण त्या क्षणी तो भिडू राहत नाही, काकूंनी सोपवलेलं काम होतो, आणि काकूंची पाठ वळली की काम संपतं. खाऊचंही तेच. मुलं खाऊभोवती जमतात, मुलाभोवती नाही. हे तुम्ही प्रेमानं करताय यात शंका नाही, पण आता ते थांबवा.

दुसरी वाट अर्थ लावण्याची. धावताना धक्का लागला, बॉल दुसऱ्याला टाकला, कुणी हाक ऐकली नाही, ह्या गोष्टी रोज होतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यामागे काही नसतं. केनेथ डॉज यांनी १९८० साली दाखवलं की आक्रमक मुलं अशा अर्धवट प्रसंगांत 'त्यानं मुद्दाम केलं' असं पटकन धरून चालतात. तुमचा मुलगा तसा नाही. पण ही धरून चालण्याची सवय मुलं घरातूनही उचलतात, हे मी खूपदा पाहिलंय. तो वर आल्यावर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता ते आठवा. 'आज तरी घेतलं का तुला? कोणी काही बोललं का?' असं रोज विचारलं गेलं, तर दुखलेलं सांगितलं की आई जवळ घेते हे मुलाला कळतं, आणि तो तेच वेचून आणायला लागतो. त्याऐवजी 'आज काय चाललं होतं खाली? राज्य कुणावर आलं?' असं विचारून पाहा. उत्तरात खेळ येईल, मुलांची नावं येतील. काही खरंच दुखलं असेल तर तेही येईलच, फक्त ते एकटं येणार नाही.

आता मिस्टरांबद्दल. त्यांची आठवण आनंदाची आहे म्हणून ती काही करत नाही असं समजू नका. ती त्यांना सांगते की मैत्री हवेतूनच येते. पण चाळीत आपोआप काही होत नव्हतं. तिथे शिकवणारे खूप होते, त्यांना कुणी शिक्षक म्हणत नव्हतं एवढंच. पाच वर्षांच्या पोराला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतलं जायचं. त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण तो सगळ्यांच्या मागे धावायचा, नियम कानावर पडायचे आणि वर्षभरानं तो पक्का भिडू व्हायचा. बारा-तेरा वर्षांची मुलंमुली पंच असायची. कुणी चिडीला आला, की 'रडीचा डाव' असं सगळ्यांनी मिळून ऐकवलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांत पुन्हा यावंच लागायचं, कारण गॅलरी तीच, जिना तोच. भांडण झालं तर मिटवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत चालायचं. गणपतीत तर दहा दिवस लहानमोठ्या सगळ्यांना मिळून कामं.

तुमच्या मुलाच्या वाट्याला काय येतं ते मिस्टरांबरोबर बसून बघा. शाळा, बस, क्लास, आणि उरलेला पाऊण-एक तास. मुलं बहुतेक आपापल्या वयाच्या टोळीतली. दहावीतला दादा खाली येत नाही. भांडण झालं तर मुलांनी मिटवायच्या आधीच ते आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचतं. इथे 'सोड त्याला' म्हणणं म्हणजे चाळीतलं सगळं काढून घेऊन फक्त सोडणं शिल्लक ठेवण्यासारखं आहे. मिस्टरांना हे वाद म्हणून सांगू नका. त्यांना विचारा, 'तुला पहिल्यांदा खेळात कुणी घेतलं होतं? हरल्यावर रडलास तेव्हा काय झालं?' त्यांना एखादा दादा, एखादी ताई आठवेलच. त्या दादाचं काम आता त्यांनी करायचं आहे, आणि ह्यात त्यांचा हात तुमच्यापेक्षा मोकळा चालेल असा माझा अंदाज आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तो कडेला उभा असताना त्याचं अंग कसं असतं? बॉल जाईल तिकडे मान वळते, गोल झाला की हसतो, पाय हलतात, तर तो मनानं खेळात आहे. अंग आखडलेलं, नजर खाली, नखं कुरतडणं असेल तर भीती मोठी आहे आणि पावलं आणखी लहान हवीत. काही मुलं जन्मतःच नव्या माणसांपुढे सावध असतात. जेरोम केगन यांनी अशा मुलांचा लहानपणापासून पुढे अनेक वर्षं अभ्यास केला होता. हा स्वभाव म्हणजे आजार नव्हे, आणि अशा मुलाला एक-दोन मित्र पुरतात. दहा मित्र हे आपलं स्वप्न असतं, त्याची गरज नव्हे.

बाईंना भेटून एक नेमका प्रश्न विचारा: वर्गात मुलं त्याला नको म्हणतात, की तो त्यांच्या लक्षातच येत नाही? जॉन कॉइ, डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मुलांनाच त्यांच्या आवडीनिवडी विचारून ह्या दोन प्रकारांत फरक केला. नाकारली जाणारी मुलं वेगळी आणि दुर्लक्षित राहणारी वेगळी. दुसऱ्या प्रकारातल्या मुलांची स्थिती पटकन बदलू शकते, वर्ग बदलला, शेजारी बसणारा बदलला, तरी बदलते. तुमचं वर्णन मला ह्या दुसऱ्या प्रकाराचं वाटतं. पण बाई म्हणाल्या की तो ढकलतो, हरलं की खेळ मोडतो, तर पुढचा सल्ला वेगळा असेल. त्याला इतरांचं बोलणं नीट कळत नसेल, ऐकू कमी येतंय अशी शंका असेल, आळीपाळीनं बोलणं जमत नसेल किंवा घरातही तो एकाच विषयावर अडकून राहत असेल, तर बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांना एकदा दाखवा. आणि कुणी त्याला खरंच मारत असेल, धमकावत असेल, पैसे किंवा वस्तू मागत असेल, तर तिथे त्यानं शिकायचं काही नाही. तिथे मोठ्यांनीच मध्ये पडायचं.

ह्यातलं काही नाही असं धरून आता शिकवण्याकडे येते. पुटलाझ यांनी जॉन गॉटमन यांच्याबरोबर दुसरी-तिसरीतल्या मुलांवर, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाच्या मुलांवर, एक अभ्यास केला होता. तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. चालू खेळात नवं मूल कसं शिरतं हे त्यांनी पाहिलं. ज्यांना सहज घेतलं जातं ती मुलं आधी काय चाललंय ते समजून घेतात आणि मग त्याच खेळाला धरून काहीतरी करतात किंवा बोलतात. ज्यांना घेतलं जात नाही ती येऊन स्वतःबद्दल बोलतात, प्रश्न विचारतात, 'असं नसतं खेळायचं' म्हणून वाद घालतात. म्हणजे खेळाचं लक्ष आपल्याकडे ओढतात.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमचा मुलगा जे करतो आणि ज्याची तुम्हाला काळजी वाटते, ते कडेला उभं राहून बघणं, ही खेळात शिरण्याची पहिली आणि बरोबर पायरी आहे. ती त्याला येते. अडतंय ते पुढच्या पायरीवर. तेव्हा 'नुसता बघत काय उभा राहतोस' हे वाक्य घरातून हद्दपार करा आणि त्याला सांगा, 'तू छान बघतोस, आता बघितल्यावर पुढे काय करायचं ते आपण शिकू.'

पुढे करायचं ते असं. खेळाच्या जवळच्या कडेला जायचं, जिथून बॉल बाहेर येतो तिथे. बॉल आला की आणून द्यायचा. क्रिकेट असेल तर न सांगता लांबची फिल्डिंग धरायची. लगोरी असेल तर विखुरलेल्या फरश्या गोळा करून द्यायच्या. मग एक वाक्य, खेळातलंच: 'मी इकडचा बॉल अडवतो', 'तुमच्यात एक कमी आहे, मी तिकडून'. 'मला घ्याल का?' हा प्रश्न शक्यतो नको, कारण त्याला 'नाही' म्हणणं फार सोपं असतं. आणि नकार आलाच तर? तो सगळ्यांनाच येतो, सोसायटीतल्या सगळ्यात लाडक्या मुलालाही येतो. हे मुलाला आधीच सांगून ठेवा. थोडं थांबायचं, हा डाव संपू द्यायचा आणि नवा डाव सुरू होताना पुन्हा जायचं. चालू डावाच्या मध्ये नवा भिडू घेतला की बाजू कमीजास्त होतात, म्हणून मुलं नाही म्हणतात. 'तू नको' असा त्याचा अर्थ नसतो. हे एक वाक्य कळलं तरी मुलं केवढी हलकी होतात!

हे तोंडी सांगून येत नाही, घरात करून पाहावं लागतं. इथे मिस्टर हवेत. त्यांनी आणि एखाद्या मामे-आते भावंडानं हॉलमध्ये बॉलचा खेळ सुरू करायचा आणि मुलानं त्यात शिरायचं. एकदा त्यांनी घ्यायचं, एकदा 'आत्ता नाही' म्हणायचं. मग भूमिका बदलायच्या: मुलगा खेळतोय आणि बाबा शिरायला बघताहेत, तेही मुद्दाम चुकीच्या पद्धतीनं, मध्येच बॉल हिसकावून, स्वतःच्या फुशारक्या मारत. मुलं खदखदून हसतात आणि काय करायचं नाही ते कायमचं शिकतात. शेरी ओडेन आणि स्टीव्हन ॲशर यांनी १९७७ साली तिसरी-चौथीतल्या एकट्या पडलेल्या मुलांबरोबर अशाच क्रमानं काम केलं: आधी सांगायचं, मग दुसऱ्या मुलाबरोबर प्रत्यक्ष खेळू द्यायचं, मग त्यावर थोडं बोलायचं. त्याचा परिणाम वर्षभरानं पाहिला तेव्हाही टिकून होता. यातला शेवटचा भाग आपण विसरतो. रात्री दिवा मालवायच्या आधी दोन मिनिटं, 'आज फरश्या आणून दिल्यास तेव्हा काय झालं?' एवढं पुरे.

इथपर्यंतचं एकत्र सांगते. तुम्ही त्याच्या वतीनं बोलणं आणि खाऊ वाटणं थांबवायचं, संध्याकाळचा प्रश्न बदलायचा, घरातली तालीम बाबांकडे द्यायची, आणि त्याच्या बघण्याला चूक म्हणायचं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत अशी एक गोष्ट मला बोलायची आहे. बागेत तुम्ही कुठे उभ्या असता? माझा अंदाज असा, की मुलाच्या मागेच, इतर आयांच्या घोळक्यापासून थोड्या लांब. तसं असेल तर तोही ते पाहतोय. आईला घोळक्यात जाताना त्यानं पाहिलंच नसेल, तर घोळका ही लांबून बघायची गोष्ट आहे असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. सगळ्या बायकांत जाऊन गप्पा मारा असं मी म्हणत नाही. ज्यांचा चेहरा तुम्हाला बरा वाटतो अशा एकीशेजारी बाकावर बसा. मुलासाठी नाही, स्वतःसाठी. पाचवीतल्या त्या मुलीलाही एक मैत्रीण मिळायची राहिलीच आहे, आणि ते काम मुलाच्या खांद्यावर टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याला तुमची गोष्ट सांगावी का? सांगा, पण सावध करण्यासाठी नको. 'माझ्याशी पण कोणी बोलत नव्हतं' एवढंच सांगितलं तर त्याला पुढचं आपलंही तसंच वाटेल. नंतर जिच्याशी गट्टी झाली तिच्याबद्दल सांगा, ती पहिल्यांदा काय बोलली होती, तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही सांगा.

आता वाढदिवस. सगळी सोसायटी बोलवू नका. वीस-पंचवीस मुलांच्या गलक्यात केक कापणारा मुलगाच सगळ्यात एकटा पडतो, आणि तुम्ही खाण्यापिण्यात अडकल्यामुळे ते तुमच्या लक्षातही येत नाही. तीन मुलं बोलवा, फार तर चार. ती कोण, हे त्याला ठरवू द्या. तुमच्या मते 'चांगल्या घरची' किंवा अभ्यासात पुढची असलीच पाहिजेत असं नाही. दीड-दोन तास पुरेत. त्याला नीट येतो असा एक खेळ ठेवा, तो बाबांनी घ्यावा, आणि त्याची सगळ्यात लाडकी खेळणी त्या दिवशी कपाटात बंद करून ठेवा, नाहीतर पहिलं भांडण त्यांच्यावरूनच होईल. बोलावलेल्यांपैकी एकाला, ज्याच्याबरोबर त्याचं जरा जुळतंय असं दिसतं त्याला, वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी घरी खेळायला बोलवा. त्याच्या आईला फोन तुम्हीच करा.